निरोप आणि खूण : डहाणू-तलासरीच्या इतिहासातून संज्ञापनविद्येची तपासणी

महाराष्ट्रातील संज्ञापनविद्येच्या पदव्युत्तर अभ्यासाचा इतिहास बहुधा संस्थांच्या सनावळीने सांगितला जातो. १९४१ साली लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग यांनी वृत्तपत्रविद्येचे वर्ग उभे केले; १९५२ मध्ये नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात अमेरिकेहून आलेले प्राध्यापक रोलंड वूल्सली यांच्या हातून असाच विभाग निघाला; १९६४ मध्ये पुणे विद्यापीठाने तोच कित्ता गिरवला; १९६५ मध्ये दिल्लीस भारतीय जनसंचार संस्था स्थापन झाली. विभागांच्या पाट्यांवर आधी वृत्तपत्रविद्या, मग जनसंज्ञापन आणि पुढे माध्यम व संज्ञापन अशी नावे येत गेली. ही सनावळ खोटी नाही. परंतु ती शिकविणाऱ्यांची सनावळ आहे. ज्या समाजांच्या बोलण्या-ऐकण्याविषयी ही विद्या सिद्धान्त मांडते, त्या समाजांनी स्वतः संज्ञापनाचे कोणते व्यवहार उभे केले होते, आणि त्या व्यवहारांसमोर हे सिद्धान्त टिकतात किंवा नाही, हा प्रश्न तिच्यात उद्भवतच नाही. तो उपस्थित करण्यासाठी पुण्या-मुंबईच्या विभागांपासून दूर असलेल्या एका प्रदेशाकडे वळणे उपयुक्त ठरते.

डहाणू रोड स्थानकाकडून पूर्वेस महामार्गाच्या दिशेने निघालेल्या रस्त्यावर आशागड लागते. त्याच रस्त्यावर पुढे गंजाड, आणि महामार्गाच्या बाजूस विवळवेढ्याची महालक्ष्मी. उत्तरेस तलासरी तालुका. १९६० च्या राज्यविभागणीत जुन्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि उरलेल्या गावांचा हा तालुका झाला. २०१४ पासून हा सारा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. येथील वस्ती प्रामुख्याने वारली आणि अन्य आदिवासी समाजांची; गाव म्हणजे एकत्र वसलेली आळी नव्हे, तर विखुरलेले पाडे. वारलींच्या बोलीला स्वतःची लिपी नाही. संज्ञापनविद्येच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला 'पोहोचण्यास कठीण' असा प्रदेश म्हणतात, त्याचे सर्व निकष येथे पूर्ण होतात. गंमत अशी की, या प्रदेशात निरोप पोहोचण्याची अडचण कधीच नव्हती. अडचण होती ती निरोप कोणाचा, हे ठरविण्याची.

या भेदाचे महत्त्व कळण्यासाठी विद्यापीठीय सिद्धान्ताची घडण थोडक्यात पाहिली पाहिजे. 'कोण, काय, कोणत्या मार्गाने, कोणाला आणि कोणत्या परिणामासह सांगतो' हे लॅसवेल यांचे सूत्र १९४८ चे. त्याच वर्षी शॅनन यांनी संदेशवहनाचे गणिती प्रारूप मांडले. शॅनन यांनी अर्थाचा प्रश्न अभियांत्रिकीच्या दृष्टीने गैरलागू म्हणून बाजूस ठेवला होता, आणि दूरध्वनीच्या तारेपुरते ते योग्यच होते. पुढे समाजशास्त्रज्ञांनी ते प्रारूप माणसांना लावले, पण ती अट विसरून. डॅनिएल लर्नर (१९५८), एव्हरेट रॉजर्स (१९६२) आणि विल्बर श्रॅम (१९६४) यांच्या ग्रंथांनी या प्रारूपाला विकासाचे वळण दिले : आधुनिकता हा संदेश, शहर हा प्रेषक, खेडे हा ग्राहक. लर्नर यांचा तुर्की मेंढपाळ 'आपण देशाचे अध्यक्ष असता तर काय केले असते' या प्रश्नाने गांगरतो, म्हणून तो परंपराबद्ध ठरतो. प्रश्न विचारणाऱ्याने त्या मेंढपाळाच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे, असे मात्र त्या पद्धतीत अपेक्षित नव्हते. १९७६ मध्ये रॉजर्स यांनी स्वतःच या प्रभावी प्रारूपाचा काळ सरल्याचे जाहीर केले. तरीही मांडणीचा सांगाडा गेला नाही. 'पोहोच', 'लक्ष्यगट', 'परिणाम' हे शब्द प्रबंधिकांच्या प्रस्तावनांतून आजही सुखाने नांदतात.

महाराष्ट्रात या परंपरेचा जो सर्वांत गंभीर प्रयोग झाला त्याला न्याय दिला पाहिजे. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ या काळात आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस कार्यक्रम. ते ऐकून झाले की मंडळाची चर्चा, आणि चर्चेतून निघालेले प्रश्न पुन्हा केंद्राकडे. कल्पना कॅनडातील शेतकरी मंडळांवरून घेतलेली होती. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. ते करणारे पॉल नॉयराथ हे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ. डाखाऊ आणि बूखेनवाल्ड येथील छळछावण्यांतून सुटून ते अमेरिकेत पोहोचले होते आणि त्या छावण्यांतील समाजजीवनावरच त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला होता. मंडळे असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओ नसलेली गावे यांची त्यांनी तुलना केली. मंडळांच्या गावांत ज्ञानाची वाढ स्पष्टपणे अधिक दिसली. जगदीशचंद्र माथुर यांच्यासह लिहिलेला त्यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी ही योजना देशभर नेण्याचे ठरले. गावकऱ्यांच्या उत्तरास येथे जागा होती, ही गोष्ट लहान नाही. परंतु विषय केंद्राने निवडलेला, आणि वाढ मोजायची ती केंद्राने सांगितलेल्या ज्ञानाची. गावास केंद्राला काही सांगायचे असेल तर त्याचे मोजमाप कोणत्या कोष्टकात करावे, याची सोय प्रयोगात नव्हती. ठाणे जिल्हा या पाचांत नव्हता, हा योगायोग; पण या योगायोगाच्या अकराच वर्षे आधी त्या जिल्ह्यात जे घडले होते ते या कोष्टकांत मावणारे नव्हते.

मराठीने या विद्येसाठी घडविलेली संज्ञाही तपासण्यासारखी आहे. 'संज्ञापन' या शब्दाच्या पोटात 'ज्ञापन' आहे, आणि ज्ञापन हे प्रयोजक रूप : दुसऱ्यास जाणावयास लावणे. म्हणजे कर्ता एक, जाणविला जाणारा दुसरा. विद्येची एकमार्गी दिशा तिच्या नावातच रुजली. उलट बोलीतला 'निरोप' पाहावा. निरोप कोणीतरी कोणावरतरी सोपवितो. तो 'सांगायचा' असतो तसा 'पोहोचवायचा' असतो. आणि तोच शब्द ताटातुटीसाठीही वापरला जातो. निरोप्या हा केवळ मार्ग नव्हे, त्याच्यावर जबाबदारी असते. निरोप खरा की खोटा हे ठरविण्याची मराठीतील क्रियाही स्वतंत्र आहे : खूण पटणे. अशोकवनातल्या सीतेला मारुतीचे बोलणे पुरले नाही, अंगठी लागली, हे मराठी घरातल्या कोणत्याही मुलास ठाऊक असते. सूत्रबद्ध प्रारूपांत प्रेषक, मार्ग, ग्राहक, व्यत्यय या सर्वांना घरे आहेत. खुणेला घर नाही.

आता १९४५. उंबरगाव-डहाणू भागातील वारली त्या वेळी सावकार-जमीनदारांच्या वेठीत होते. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवराबायकोने धन्याकडे राबायचे, अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी अहवाल लिहिणारे सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनीही ही स्थिती नोंदवून ठेवली आहे. संज्ञापनाच्या दृष्टीने तिची दोन अंगे लक्षणीय होती. एक म्हणजे जमीनदाराचे बोलावणे : वेठीसाठी धन्याचा माणूस दारात उभा राहिला की जाणे भाग. दुसरे म्हणजे कागद : कर्जाचा, जमिनीचा, अंगठ्याचा. तो वाचता येत नव्हता, एवढेच त्याचे वैशिष्ट्य नव्हे. तो नेहमी विरुद्ध बाजूने बोलत असे. अशा समाजाने लिखित शब्दापेक्षा ओळखीच्या माणसाच्या तोंडी शब्दावर विसंबणे, याला निरक्षरतेचा परिणाम म्हणणे उथळ ठरेल. तो कागदाविषयीचा अनुभवाने काढलेला निष्कर्ष होता.

याच १९४५ साली के. जे. सावे यांचा वारलींवरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. चालीरीती, देवक, लग्न, मृत्यू यांची त्यातील माहिती आजही उपयोगी पडते. पण ग्रंथ ज्यांच्याविषयी आहे ते त्याच वर्षी एका वेगळ्याच व्यासपीठावरून स्वतःविषयी बोलू लागले होते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तेथे आले आणि त्यांच्यापैकी माह्या धांगडा यांनी वेठबिगारीची हकीकत सभेपुढे मांडली. चळवळीचा पहिला निरोप अशा रीतीने जंगलपट्टीतून शहराकडे गेला, शहरातून जंगलपट्टीकडे नव्हे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारलींची सभा झाली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. सभेची वार्ता पाड्यापाड्यांतून तोंडी फिरली. लाल बावटा ही तिची खूण झाली.

येथे गोदावरी परुळेकरांचा विचार करावा लागतो, कारण या व्यवहारात त्या कोणत्या बाजूस होत्या हे एका शब्दात सांगता येत नाही. पूर्वाश्रमीच्या गोदावरी गोखले, १९०७ मध्ये पुण्यात जन्म, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजाच्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. १९३७-३८ मध्ये मुंबईत त्यांनी प्रौढ साक्षरतेची मोहीम चालविली. म्हणजे ज्याला पुढे 'विकास-संज्ञापन' असे नाव मिळाले त्याचा अनुभव घेऊनच त्या किसान सभेत, आणि तेथून उंबरगाव-डहाणूत आल्या. (पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग ज्या रानडे इन्स्टिट्यूटच्या नावाने ओळखला जाई, तिच्या वास्तूचा संबंधही भारत सेवक समाजाशीच. २०२१ मध्ये तो विभाग विद्यापीठाच्या आवारात हलवून दुसऱ्या माध्यमविभागात विलीन करण्याचा प्रस्ताव विरोधामुळे स्थगित झाला; त्या वादात वास्तूच्या वारशाविषयी पुष्कळ बोलले गेले, अभ्यासविषयाच्या वारशाविषयी त्यामानाने थोडे.) 'जेव्हा माणूस जागा होतो' हा परुळेकरांचा १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ. १९७२ मध्ये त्यास साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. मराठी समीक्षेने त्याची नोंद आत्मपर लेखन आणि चळवळीचा दस्तऐवज अशी घेतली. तो संज्ञापनाचाही दस्तऐवज आहे, हे मात्र नजरेआड झाले. अनोळखी स्त्रीच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवावा यासाठी काय काय घडावे लागते, हा त्यातील एक मुख्य धागा आहे. तो वाचताना साक्षरता मोहिमेतील शिक्षिकेला ऐकावयास शिकावे लागल्याचे जाणवत राहते.

ऑक्टोबर १९४५ मध्ये गवतकापणीच्या मजुरीचा प्रश्न पेटला. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये, ही किसान सभेची मागणी. संप सुरू असताना १० ऑक्टोबरच्या सुमारास पाड्यापाड्यांवर निरोप आला : तलवाड्यास बाईंची सभा आहे, जमीनदारांचे गुंड त्यांच्या जिवावर उठले आहेत, काठ्या घेऊन या. हजारो वारली तलवाड्यास जमले. परुळेकर तेथे नव्हत्या. सभा ठरलेलीच नव्हती. चळवळीच्या बाजूने झालेल्या सर्व लेखनात हा निरोप जमीनदारांनी पेरल्याचे म्हटले आहे. सशस्त्र जमाव जमल्याची वर्दी दुसरीकडे पोलिसांना पोहोचली. गोळीबार झाला, तो थांबून थांबून पंधरा तास चालल्याचे या लेखनात नमूद आहे. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. सरकारी बाजूची भूमिका अर्थातच जमाव हिंसक असल्याची होती.

या घटनेला लॅसवेल यांचे सूत्र लावून पाहावे. कोण, काय, कोणत्या मार्गाने, कोणाला, कोणत्या परिणामासह : पाचही रकाने भरता येतात, आणि पाचवा रकाना तर कोणत्याही प्रचारमोहिमेस हेवा वाटावा असा. रस्ते नाहीत, वृत्तपत्र नाही, रेडिओ नाही, अक्षरओळख नाही. तरी अल्पावधीत हजारो माणसांपर्यंत निरोप पोहोचला, जसाच्या तसा समजला आणि कृतीत उतरला. शॅनन यांच्या परिभाषेत सांगायचे तर व्यत्यय जवळजवळ शून्य. तलवाड्यात माणसे मेली ती निरोप बिघडला म्हणून नव्हे, तो अचूक पोहोचला म्हणून. परिणामकारकतेवर उभी असलेली विद्या या ठिकाणी यश आणि संहार यांत भेद करू शकत नाही. तो भेद करण्यासाठी लागणारी संकल्पना खुणेची आहे, आणि ती तिच्यापाशी नाही.

रणजित गुहा यांनी १९८३ मधील आपल्या ग्रंथात १७८३ ते १९०० या काळातील शेतकरी उठावांचा अभ्यास करताना प्रसारणाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे. अफवा ही अनामिक असते, सांगणारा तिचा कर्ता नसतो, हातोहाती जाताना ती आपले रूप पालटू शकते, आणि या अनिश्चिततेतच तिचे बंडाला उपकारक असे बळ असते, हे त्यांचे विवेचन संज्ञापनाच्या कोणत्याही पदव्युत्तर वर्गात शिकविले जावे असे आहे. राज्यकर्त्यांच्या कागदपत्रांत 'अफवा' हा शब्द जेथे तुच्छतेने येतो तेथे गुहा त्यामागचा शेतकऱ्यांचा संवाद वाचून दाखवितात. परंतु तलवाड्याचा निरोप या विवेचनात नीट बसत नाही. तो अनामिक नव्हता. त्याच्यावर नाव होते. जागा, कारण, करावयाची कृती हे सारे निश्चित होते. त्याचा कर्ता बंडाच्या बाजूचा नव्हता. अफवा म्हणण्यापेक्षा त्याला खोट्या खुणेचा निरोप म्हणणेच अधिक नेमके होईल.

ही खोटी खूण बारकाईने पाहिली तर तीतून एक ऐतिहासिक वस्तुस्थिती उजेडात येते. जानेवारीत वारलींना गोळा करायचे असते तर जमीनदाराला आपला माणूस दारात उभा करणे पुरेसे होते. ऑक्टोबरात त्याच जमीनदाराला वारलींना एका जागी आणण्यासाठी किसान सभेच्या बाईंचे नाव उसने घ्यावे लागले. नऊ महिन्यांत हुकमाचा शब्द निकामी झाला होता. खोटे नाणे पाडणारा खऱ्या नाण्याचे मोल मान्यच करीत असतो. निरोप बनविणाऱ्यांनी नकळत दिलेली ही साक्ष झरीच्या सभेच्या कोणत्याही वृत्तान्तापेक्षा बळकट आहे. मग जमाव गोळीबारातही का पांगला नाही, याचेही उत्तर निरोपाच्या रचनेत शोधता येते. 'सभेला या' एवढाच निरोप असता तर सभा नाही हे कळताच लोक परतले असते. निरोप रक्षणाचा होता, आणि रक्षणासाठी आलेल्याने जागा सोडावयाची नसते. बंदुकांचा आवाज निरोपातील धोक्याला दुजोराच देत होता. खोट्या निरोपाला पोलिसांनी खऱ्याची खूण पुरविली.

वारलींच्या संज्ञापनव्यवहाराचे दुसरे, अधिक परिचित अंग म्हणजे चित्र. लग्नघरात सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहायचा, त्यात पालघट देवी, आणि धवलेरीने गाणी म्हणायची. चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. या चित्रातून कोणालाही नवी माहिती मिळत नाही. जेम्स कॅरी यांनी १९७५ मध्ये संज्ञापनाच्या 'प्रेषण' आणि 'विधी' अशा दोन कल्पना वेगळ्या केल्या. दुसरीत माहिती पोहोचविण्यापेक्षा सामायिक जग टिकविण्यावर भर असतो. चौक हे तिचे उत्तम उदाहरण ठरेल. परंतु नेमक्या त्याच सुमारास विद्यापीठीय आणि शासकीय व्यवहारात अशा प्रकारांना 'लोकमाध्यमे' ही संज्ञा रूढ होत होती. १९७४ मध्ये दिल्लीस कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी लोकमाध्यमे व जनमाध्यमे यांच्या एकत्रित वापरावर आंतरराष्ट्रीय चर्चासत्र झाले. श्याम परमार यांचे पारंपरिक लोकमाध्यमांवरील इंग्रजी पुस्तक १९७५ चे. 'माध्यम' म्हटले की ते रिकामे भांडे ठरते आणि त्यात कोणाचाही संदेश ओतता येतो. तमाशात पाळणा लांबविण्याचा उपदेश, भारुडात अल्पबचत. प्रश्न पावित्र्यभंगाचा नाही. तमाशाने असले उपदेश पचवून त्यांची टिंगलही केली असेल. मात्र लोकप्रकारांना माध्यम म्हणताच त्यांचे स्वतःचे म्हणणे नाहीसे होते, आणि ही किंमत फार मोठी आहे.

चौकाचे पुढे जे झाले ते सर्वश्रुत आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने या पट्ट्यात हिंडून ही चित्रे बाहेर आणली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे विधीच्या चौकटीबाहेर, कागदावर आणि कापडावर रंगवू लागले. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांचे प्रदर्शन झाले, १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. स्त्रियांचा विधी पुरुषांची कला झाला, अशी यावर टीका होते आणि ती अंशतः खरी आहे. पण म्हसे यांच्या चित्रांत केवळ चौकाचे अनुकरण नाही. मासेमारीचे जाळे, तारप्याभोवती फिरणारा नाच, मुंग्यांचे वारूळ अशा विषयांत एका माणसाने आपल्या जगाविषयी केलेले विधान आहे, आणि त्याला सही आहे. २०१० मध्ये एका बहुराष्ट्रीय शीतपेयाच्या दिवाळीच्या जाहिरातीत हीच शैली वापरली गेली तेव्हा सही गळाली, रेषा राहिली. १९४५ मध्ये निरोप खोटा आणि खूण चोरलेली होती. येथे निरोपच नव्हता, केवळ चोरलेली खूण होती. वारली चित्रांना पुढे भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळविण्यासाठी स्थानिक आदिवासी तरुणांनी केलेला खटाटोप या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

येथवरचे विवेचन वाचून मौखिक समाजाच्या शहाणपणाचा गौरव करण्याचा मोह होईल. तो आवरला पाहिजे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने पोलिसांदेखत ठार मारले. त्याआधीचे काही दिवस चोर, मुले पळविणारे, मूत्रपिंडे काढून नेणारे रात्री फिरत असल्याच्या अफवा भ्रमणध्वनीवरून आणि तोंडोतोंडी या पट्ट्यात पसरल्या होत्या. शंभराहून अधिक माणसांना अटक झाली. दूरचित्रवाणीवरील चर्चांनी घटनेला धर्मयुद्धाचे रूप देण्याचा सपाटा लावला. अटकेतील कोणीही मुस्लिम नाही, हे राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. दुसऱ्या बाजूने 'फेक न्यूज' या सर्वभक्षी संज्ञेखाली ती नोंदली गेली. दोन्ही वाचनांत तो तालुका हे केवळ ठिकाण होते. याच पट्ट्याला खोट्या निरोपाचा पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा अनुभव होता, ही गोष्ट विश्लेषणात आली नाही.

दोन घटनांची तुलना केली तर साम्यापेक्षा भेद अधिक शिकवितो. तलवाड्याच्या निरोपाला प्रेषकाचे नाव होते, म्हणून तो खोटा असल्याचे पुढे सिद्ध करता आले : बाईंना विचारता येत होते. गडचिंचल्याच्या अफवेला विचारण्याजोगे कोणी नव्हते. गुहा यांनी सांगितलेली अनामिकता येथे तंतोतंत दिसते, पण त्या अनामिकतेला त्यांनी जोडलेला बंडाचा आशय येथे नाही. भीती आहे, आणि ती बाहेरून आलेल्या अनोळखी वाहनावर कोसळली. भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर ओळखीच्या माणसाकडून पुढे सरकतो, त्यामुळे त्याला खुणेचा आभास मिळतो. पाठविणारा मात्र त्याची जबाबदारी घेत नाही. म्हणजे तो निरोप्याही नव्हे. जुन्या व्यवहारात निरोप, निरोप्या आणि खूण ही तिन्ही एकमेकांस बांधलेली होती. ती सुटी झाली, आणि अक्षरओळख वाढूनही ती पुन्हा बांधली गेली नाहीत.

या विषयावर पदव्युत्तर प्रबंध लिहावयाचा झाल्यास प्रचलित पद्धती अभ्यासकाच्या हाती प्रश्नावली देईल : आपल्याकडे भ्रमणध्वनी आहे का, संदेश किती वेळा पाहता, त्यांवर विश्वास ठेवता का. मिळणारी टक्केवारी छापता येईल. पण विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. अफवा कोणत्या पाड्यावरून कोणत्या पाड्यावर गेली आणि कोठे थांबली. जेथे थांबली तेथे कोणाच्या शब्दावर. पूर्वी ज्यांच्या शब्दाने लोक जमत आणि पांगत, त्यांच्या शब्दाचे वजन केव्हा आणि कशाने उतरले. यांची उत्तरे बोली समजल्यावाचून मिळणार नाहीत. १९४५ ची हकीकत घराघरांत कशी सांगितली जाते हे ऐकल्यावाचूनही मिळणार नाहीत. १० ऑक्टोबरचा हुतात्मादिन या पट्ट्यात पाळला जात आला आहे, तेव्हा ती आठवण पुसली गेली असे गृहीत धरण्याचे कारण नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. संशोधनपद्धतीच्या पत्रिकेत कुरणशाळेचा उल्लेख असावयास हरकत नाही.

गडचिंचल्याविषयी त्या दिवसांत प्रसिद्ध झालेल्या वृत्तांत एक तपशील होता, त्याकडे फारसे कोणी पुन्हा वळले नाही. गावच्या महिला सरपंच त्या रात्री चौकीपाशी उभ्या होत्या आणि पोलीस येईपर्यंत जमावाला समजावीत होत्या. त्या गावच्याच, निवडून आलेल्या, सर्वांना तोंडओळखीच्या. बोलत होत्या ती बोलीही तीच. त्यांचा शब्द काही काळ टिकला आणि मग टिकला नाही.